अण्णांच्या नावाची लॉगिनं

‘कन्सोल उघडत नाही.’ बिघाड कळवणाऱ्या तिकिटात एवढंच लिहिलं होतं. ते माझ्याकडे आलं, कारण अण्णा आता कंपनीत नव्हते. आदल्या आठवड्यात त्यांना आणि आणखी काहीजणांना एका व्हिडिओ कॉलवर बोलावून ‘निरोप’ देण्यात आला होता. मेलमध्ये निरोप हाच शब्द होता. आपल्या भाषेत सांगायचं तर नारळ दिला. कॉल संपायच्या आत अण्णांचा लॅपटॉप बंद पडला होता आणि त्यांची सगळी लॉगिनं रद्द झाली होती. त्या दिवशी ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी डबा पिशवीत टाकला, खुर्ची नीट आत सरकवली आणि “येतो अक्का” म्हणून निघून गेले.

अण्णा माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला अक्काच म्हणायचे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की मी पुण्याहून नवी नवी आले तेव्हा निम्मं डोक्यावरून जायचं. माझं मराठी त्यांना पुस्तकी वाटायचं. मी ‘उपलब्ध’ म्हटलं की ते डोळे मिचकावून आजूबाजूला बघायचे, वर्गात मास्तर आले की काय म्हणून. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणंही मराठीतच व्हायची. ती कुणाला कळायची नाहीत याचा आम्हाला दोघांनाही आनंद होता.

आमचं काम सर्व्हर सांभाळायचं. मशीनं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका थंडगार इमारतीत कपाटांत रचलेली, आणि आम्ही बेळ्ळंदूरच्या ऑफिसात. सगळा कारभार नेटवर्कवरून चालतो. पण एखाद्या मशीनचं नेटवर्कच गेलं तर आत शिरायचं कसं? त्यासाठी प्रत्येक मशीनला मागे सिरियल पोर्ट असतो. फार जुनी, साधी सोय. चित्र नाही, माउस नाही, एका केबलीतून नुसती अक्षरं जातात आणि येतात. पुढचं दार अडकलं की परसदारातून आत जावं, तसं. यालाच कन्सोल म्हणतात.

असे सगळे कन्सोल एका जागी आणणारी एक पेटी बाजारात मिळते. आमच्याकडची पेटी भरून गेली आणि नव्या पेटीला मंजुरी मिळेना, तेव्हा अण्णांनी उरलेल्या दोन मशीनची, सात आणि आठ नंबरची, जोडी लावली. आमच्या मशीनना मागे दोन-दोन सिरियल पोर्ट होते. त्यातला एक दारावर बसवलेला: कुणी आलं की ‘लॉगिन?’ म्हणून नाव विचारणारा. दुसरा गप्प राहणारा, शेजारच्या मशीनच्या दारापर्यंत केबल नेलेला. सात नंबरचं मशीन अडलं की नेटवर्कवरून आठ नंबरात शिरायचं आणि त्याच्या गप्प पोर्टातून सातचं दार वाजवायचं. आठ अडलं की उलट. अण्णा त्याला शेजार म्हणायचे. गरजेला शेजारीच धावतो, हे ते मंजुरी न देणाऱ्या साहेबालाही ऐकवून आले होते.

त्यांची आणखी एक सवय होती. मशीन नाव विचारण्याआधी पडद्यावर दोन ओळी दाखवतं. बहुतेक कंपन्या तिथे धमकी लिहितात, परवानगीशिवाय आत आलात तर कारवाई होईल वगैरे. अण्णांनी आमच्या सगळ्या मशीनवर पहिल्या ओळीत मशीनचा नंबर लिहिला होता आणि दुसऱ्या ओळीत फक्त स्वतःचं लॉगिनचं नाव. अडलात तर मला विचारा, असा त्याचा अर्थ. लोक विचारायचेही. जेवताना, जिन्यात, एकदा तर भाचीच्या लग्नात अक्षता हातात असताना त्यांना फोन आला होता. मी त्यावरून त्यांना पुष्कळ बोलायची की स्वतःहून गळ्यात घंटा बांधून घेता. ते म्हणायचे, “असू दे की. अडलेला माणूस नाव शोधत कुठे बसेल?”

तर, तिकीट. आठ नंबरच्या मशीनचा कन्सोल उघडत नाही. मी नेहमीप्रमाणे सातमध्ये शिरले, आठचं दार वाजवायला गेले, तर सात म्हणालं की हा पोर्ट आधीच कुणीतरी धरून ठेवला आहे. असं होतं कधी कधी. कुणीतरी कन्सोल उघडतं, बंद करायला विसरतं आणि जेवायला जातं. एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे बाकीचे तिष्ठत बसतात. मी चडफडत कोण तो महाभाग आहे हे बघायला लागले. माणूस कुणीच दिसेना. मशीनचाच नाव विचारणारा प्रोग्राम तो पोर्ट धरून बसला होता. मी त्याला बंद केलं. तो लगेच पुन्हा सुरू झाला. पुन्हा बंद केला, पुन्हा हजर. माझा पारा चढायला एवढं पुरे असतं.

हे चाललं होतं तेवढ्यात सिक्युरिटीचा प्रमुख माझ्या टेबलाशी आला. तो व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसतो, बेळ्ळंदूरला सहसा फिरकत नाही. रिंग रोडचा ट्रॅफिक सोसून आला म्हणजे काहीतरी मोठंच असणार. त्याने शेजारची खुर्ची ओढली, अण्णांचीच, आणि आपला लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर सात आणि आठ नंबरच्या मशीनवर झालेल्या फसलेल्या लॉगिनांचा लॉग, म्हणजे नोंदी, होता. वरपासून खालपर्यंत एकच नाव, अण्णांचं. मी बघत असतानाच खाली नव्या ओळी येत होत्या.

तो हिंदीत, अगदी हळू आवाजात बोलत होता. काढून टाकलेला माणूस सकाळपासून आमच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करतो आहे. नेटवर्कवरून नाही, सिरियल पोर्टावरून. म्हणजे जाताना त्याने आपल्यासाठी वाट ठेवली होती. एचआरला कळवलं आहे, वकिलांना कळवलं आहे, सायबर पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहून तयार होते आहे. चारच्या मीटिंगमध्ये तिच्यावर सही होईल. कन्सोलचं काम आता इथे फक्त मला समजतं, म्हणून तांत्रिक अहवाल मी द्यायचा. आणि एक, अण्णांशी कसलाही संपर्क करायचा नाही.

अण्णा असं करणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण पडद्यावर त्यांचं नाव उमटत होतं, एकेका ओळीगणिक, आणि ते बघताना त्या माहितीला धक्के बसत होते. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला एका कॉलवर हाकललं, तर त्याच्या मनात काय येईल हे मी कशाच्या जोरावर सांगणार होते? मला त्या प्रमुखाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

मी त्याला शेजाराची पद्धत समजावून सांगितली. वाटलं, हे कळलं की त्याचा संशय कमी होईल. झालं उलटंच. कंपनीच्या कुठल्याही नकाशात नसलेली केबल एका माणसाने स्वतःच्या मनाने जोडली, एवढंच त्याने उचललं आणि लिहून घेतलं. मंजुरी मिळाली नव्हती म्हणून जोडली, असं मी म्हटलं, तर मंजुरी नसताना जोडली असं त्याने लिहिलं. मी जे जे अण्णांच्या बाजूने बोलत होते ते ते त्यांच्याच गळ्यात पडत होतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पडद्यावर अण्णांचं नाव. प्रमुखाचंही लक्ष गेलं. फोन वाजतच राहिला, आजूबाजूची दोन-तीन डोकी वर झाली. मी फोन उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, तो टेबलावर थरथरताना मी नुसती बघत राहिले. पाय मोडल्यावर मला घरून ऑफिसला रोज आणणारा, माझ्या मुलाच्या दहावीला गणिताची शिकवणी शोधून देणारा माणूस पलीकडे होता आणि मला फोन उचलायची सोय नव्हती. त्यानंतर फोन वाजला नाही.

मी कामाला लागले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आधी मी प्रमुखाकडे मूळ लॉग मागितला. तो म्हणाला हाच मूळ. मी म्हटलं नाही, हा तुमच्या डॅशबोर्डावरचा, चाळून आलेला. कच्चा लॉग द्या. त्याने तोंड वाकडं केलं, पण दिला.

डॅशबोर्डाची रीत अशी की ज्या नावाचा कुणी कर्मचारी आहे किंवा होता तेवढीच नावं तो दाखवतो, बाकी कचरा समजून टाकून देतो. कच्च्या लॉगमध्ये तो कचरा होता, आणि तो फार चमत्कारिक होता. अण्णांच्या नावाने लॉगिन करायचा प्रयत्न झाला होता, पण मधेच ‘सात नंबर’ या नावाने झाला होता. मग ‘आठ नंबर’ या नावाने. आणि सगळ्यात जास्त वेळा ‘लॉगिन इनकरेक्ट’ या नावाने.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. नाव किंवा पासवर्ड चुकला की मशीन उलटून जे म्हणतं ते हे वाक्य: लॉगिन इनकरेक्ट. कुठला चोर दारात उभा राहून ‘कोण?’ला ‘लॉगिन इनकरेक्ट’ असं उत्तर देईल? हे माणसाचं बोलणं नव्हतंच. हे मशीनचं बोलणं होतं, आणि ते दुसऱ्या मशीनला जाऊन पोचत होतं.

मग एकेक करून उलगडत गेलं. आदल्या रात्री मुख्य ऑफिसातल्या टीमने सगळ्या मशीनवर एकसारखी सेटिंग लावणारी स्क्रिप्ट चालवली होती. या मशीनवर एक आणि त्या मशीनवर दुसरं, असं त्यांना खपत नाही. त्या स्क्रिप्टने प्रत्येक मशीनच्या प्रत्येक सिरियल पोर्टावर नाव विचारणारा प्रोग्राम बसवला. म्हणजे अण्णांनी मुद्दाम गप्प ठेवलेला पोर्टही बोलायला लागला. आता केबलीच्या दोन्ही टोकांना दोन दारवान उभे. सात म्हणतं: सात नंबर, मग अण्णांचं नाव, मग लॉगिन? आठला वाटतं कुणी माणूस नाव सांगतो आहे. ते पहिली ओळ नाव म्हणून घेतं, दुसरी पासवर्ड म्हणून, कधी उलट, आणि म्हणतं लॉगिन इनकरेक्ट. ते ऐकून सातला वाटतं आपल्या दारात कुणी आलं. ते विचारतं पासवर्ड? त्यावर आठ... अशी ती दोघं रात्रीपासून एकमेकांना तू कोण, तू कोण विचारत होती, आणि दोघांच्याही तोंडी अण्णांचं नाव होतं. अडलेल्या माणसाला पटकन मिळावं म्हणून त्यांनी स्वतः तिथे घातलेलं नाव.

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. प्रमुख कॉफी आणायला गेला होता हे बरं झालं.

मी सात आणि आठ, दोन्हींच्या गप्प पोर्टांवरचा प्रोग्राम कायमचा बंद केला. त्याच क्षणी दोन्ही मशीनवरचा लॉग थांबला. मी आठचा कन्सोल उघडला, तो लगेच उघडला: नंबर, अण्णांचं नाव, आणि पुढे शांतपणे वाट बघणारं ‘लॉगिन?’. तिकीट सुटलं होतं. प्रमुख परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, शेजाऱ्यांच्या भाषेतही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, थांबलेला लॉग पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, उसको भनक लग गई होगी. इसलिए बंद किया.”

बोलत होता म्हणून गुन्हेगार, आणि आता गप्प झाला म्हणूनही गुन्हेगार. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्याचं म्हणणं खोटं पाडायला अण्णांनी काहीही केलं असतं किंवा केलं नसतं तरी उपयोग नव्हता. मी म्हटलं ठीक आहे, चारच्या मीटिंगमध्ये बघू.

मीटिंगला आमचे मॅनेजर होते, एचआरची बाई होती, प्रमुख होता. तक्रारीचा कागद टेबलावर छापून ठेवलेला. मी नेटवर्कवाल्यांना सांगून मीटिंगपुरता बाहेरून आत येण्याचा प्रत्येक रस्ता बंद करून घेतला होता, आणि तो बंद आहे हे प्रमुखाला स्वतः तपासायला लावलं. आता ही दोन मशीनं आणि हा माझा लॅपटॉप, एवढंच एकमेकांशी बोलू शकतं, हे त्याने मान्य केलं. मग मी त्याला विचारलं, तुमचं लॉगिनचं नाव काय? त्याने सांगितलं. मी दोन्ही मशीनवरच्या त्या दोन ओळींतलं अण्णांचं नाव काढलं आणि तिथे त्याचं घातलं. मग गप्प पोर्टावरचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड लावला.

नाव यायला लागलं. एक ओळ, मग दुसरी, मग बघता बघता पडदा भरला. सिक्युरिटीचा प्रमुख स्वतःच्याच कंपनीच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करत होता, आणि सारखा फसत होता. तो तर आमच्यासमोर हात टेबलावर ठेवून बसला होता. एचआरची बाई फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात घेतला. मॅनेजर छताकडे बघायला लागले.

प्रमुख हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. ते आधी बंद करा, म्हणाला. मी बंद केलं. मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. या ओळी चाचणीच्या आहेत, त्यांचा माझ्याशी संबंध नाही, असं मला आत्ताच्या आत्ता मेलवर लेखी द्या, उद्या कुणी लॉग काढला तर माझं नाव त्यात दिसायला नको, असं त्याने मॅनेजरना सांगितलं. आणि मॅनेजरनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून तसा मेल टाकला. एचआरच्या बाईने त्यावर होकार दिला. सगळं मिळून कॉफी निवायच्या आत झालं.

तक्रारीचा कागद फाडण्यात आला. माझं कौतुक झालं. स्क्रिप्ट दुरुस्त करा, मशीनवर कुणाही माणसाचं नाव ठेवू नका, असे दोन ठराव झाले. मी म्हटलं, आता असाच एक मेल अण्णांनाही पाठवा. एचआरची बाई गोंधळली. कसला मेल? त्यांचा यात काही संबंध नव्हता, असा. ती गोड आवाजात म्हणाली की कंपनीने त्यांच्यावर अधिकृतपणे आरोप केलेलाच नाही, त्यामुळे मागे घेण्यासारखं काही नाही. मी विचारलं, म्हणजे त्यांना यातलं काहीच माहीत नाही ना? ती जरा घुटमळली. दुपारी एक फोन केला होता, म्हणाली. अण्णांचा ऑफिसचा फोन बंद झाला असल्यामुळे फॉर्मवर अडचणीच्या वेळी कळवायचा जो नंबर होता त्यावर केला होता. चौकशी चालू आहे, घरातल्या कॉम्प्युटरवरचं काही पुसू नका, एवढंच सांगितलं.

मी बाहेर येऊन जिन्यात उभं राहून अण्णांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मी सगळं निस्तरलं आहे, काळजी करू नका, शनिवारी घरी येते, असं लिहून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: “सरी.” म्हणजे बरं. फक्त तेवढंच.

शनिवारी घराजवळून, व्हाइटफील्डहून, मेट्रो धरली, मॅजेस्टिकला बदलली आणि मार्केटला उतरून चामराजपेटेत चालत गेले. वाटेत आनंदात होते. खरंच होते. एखाद्याच्या अंगावरचा आळ आपण पुसला आहे, ही काही रोज मिळणारी गोष्ट नाही. हे कसं सांगायचं, कुठे थांबायचं, प्रमुखाच्या नावाची गंमत कुठे सांगायची, सगळं मनात जुळवत होते.

अण्णांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. पुढच्या खोलीत बसवलं, स्वतः कॉफी करून आणली. फोन न उचलल्याबद्दल मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले की तिथे कुणीतरी बसलं असेल हे त्यांनी ओळखलं होतं. मग मी सांगायला लागले. स्क्रिप्टपर्यंत आले तशी त्यांची पाठ ताठ झाली. कुठल्या पोर्टावर, कुठल्या स्पीडला, दोन्हीकडे एकच स्पीड होता का, सगळं विचारून घेतलं. स्पीड वेगळा असता तर नुसती कचरा अक्षरं आली असती, त्यांचं नाव नीट उमटलं नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं. शेवटी दोघं एकमेकाला कोण कोण विचारत बसली होती हे ऐकल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. प्रमुखाच्या नावाची गोष्ट तर त्यांनी दोनदा सांगायला लावली.

हसून झाल्यावर त्यांनी रिकामे पेले उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाले, “मला सांगून काय उपयोग अक्का? मी केलं नाही हे मला ठाऊक होतंच की. स्वल्प आत जा. हिला सांग. फोन हिला आला होता.”

मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या?

“काय म्हणेल? एक शब्द विचारला नाही तिने. तेच तर.”

आत वहिनी जमिनीवर बसून अवरेकाळू सोलत होत्या, पुढ्यात पावट्याच्या शेंगांचा ढीग. मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्याशी माझी ओळख डब्यातल्या चित्रान्नापुरती आणि दसऱ्याला घरी आल्यापुरती. आता मला त्यांना दोन मशीनं, चार पोर्ट आणि एक स्क्रिप्ट समजावायची होती. मी सगळे इंग्रजी शब्द बाजूला ठेवले. दोन घरं शेजारी आहेत, दोन्ही दारांवर राखणदार आहेत, दोघांनाही पढवून ठेवलं आहे की कुणी आलं तर आधी अण्णांचं नाव सांगा आणि मग तू कोण म्हणून विचारा. एके रात्री कुणीतरी दोन्ही राखणदारांना समोरासमोर उभं केलं. वहिनी हात न थांबवता ऐकत होत्या. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात, साल बाजूला.

“म्हणजे नाव ती मशीनंच घेत होती,” त्या म्हणाल्या.

हो, म्हटलं. अण्णांनी काहीही केलं नव्हतं. त्यांनी घरातून कशालाही हात लावला नव्हता.

“तुमच्या मोठ्या साहेबांना पटलं हे?”

सगळ्यांना पटलं, मी सांगितलं. सगळ्यांच्या समोर सिद्ध झालं, पोलिसांत द्यायचा कागदही फाडला. वहिनींचे हात थांबले. त्यांनी पदराने कपाळ पुसलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, आले त्याचं चीज झालं.

“मग सोमवारी जाऊ देत यांना?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी ते एका दमात जोडलं होतं: चोरीचा संशय आला म्हणून काढलं, संशय गेला म्हणजे परत घेतील. फोन येईपर्यंत, हे अण्णांनी मला नंतर सांगितलं, त्यांना नोकरी गेल्याचंच माहीत नव्हतं. अण्णा आठवडाभर सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसत होते, घरूनच काम आहे म्हणत. त्यानंतरही अण्णांनी वहिनींना खरा क्रम सांगितला नव्हता. मागे चाहूल लागली म्हणून वळून बघितलं, तर ते दारात उभे होते. मला थांबवावं असं काही त्यांनी केलं नाही.

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “काढलं होतं ते त्याच्या आधी. याच्याशी त्याचा काही संबंध नाही.”

“मग काढलं कशासाठी?”

कामात कमी पडले म्हणून नाही. कुणाशी भांडले म्हणून नाही. यादी लांबच्या देशातल्या कुठल्या ऑफिसात झाली, आणि ती करणाऱ्यांना अण्णा कोण हे माहीतही नव्हतं.

“कशासाठीच नाही,” मी म्हटलं.

चौकशीचा फोन आल्यावरही एक शब्द न काढलेल्या वहिनी तेव्हा रडायला लागल्या.